डॉक्सचा बिल्ड किती वेळा करायचा: प्रत्येक मर्जला, रोज रात्री, की फक्त रिलीजला?

पानोपानी

मंडळी, एका मुक्तस्रोत लायब्ररीच्या डॉक्सची, म्हणजे माहितीच्या पानांची, जबाबदारी आम्ही तिघं सांभाळतो. गाभा सी++ मध्ये, त्यावर पायथनचं आवरण. डॉक्स स्फिंक्सवर आहेत, म्हणजे साध्या मजकुरातून पानं बांधणाऱ्या साधनावर; ही बांधणी म्हणजेच बिल्ड. सी++ चा संदर्भ डॉक्सिजन या कोडमधून माहिती काढणाऱ्या साधनाच्या एक्सएमएलमधून, ब्रीद या जोडणीमार्गे येतो. उदाहरणांची गॅलरी स्फिंक्स-गॅलरीवर आहे, म्हणजे प्रत्येक उदाहरण खरोखर चालतं आणि त्यातून निघालेली आकृती पानावर जाते. कोऱ्या मशीनवर पूर्ण बिल्डला साधारण ४० मिनिटं लागतात, त्यातली ३० हून जास्त एकट्या गॅलरीची. गॅलरी वगळली तर ६-७ मिनिटांत काम होतं.

पूर्वी रिलीजच्या आदल्या दिवशी कुणीतरी आपल्या लॅपटॉपवर बिल्ड करून साइटवर चढवायचं. मग रोज रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला, तो आजही चालू आहे. तो बदलावा का यावर आमच्यात एकमत नाही, आणि गेल्या दोन महिन्यांत अशा दोन गोष्टी घडल्या की प्रश्न पुढे ढकलता येत नाही.

पहिली. इन्स्टॉलेशनच्या पानावरची एक आज्ञा चुकीची होती. सकाळी एकीने पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) पाठवली, तासाभरात मर्जही झाली, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळली. पण पान बदलणार रात्री. दिवसभरात आणखी तिघांनी तीच चूक इश्यू म्हणून नोंदवली, त्यातल्या एकाने तर दुरुस्तीही लिहून आणली. ‘हे झालंय, उद्या दिसेल’ असं त्या प्रत्येकाला लिहिताना मला मनापासून वाईट वाटलं. लोक वेळ काढून मदत करायला येतात आणि आपण त्यांना शिळं पान दाखवतो.

दुसरी जास्त गंभीर. एका मर्जमध्ये तक्त्याचं इंडेंटेशन बिघडलं. आम्ही स्फिंक्सच्या इशाऱ्यांनाही चूक मानतो, त्यामुळे रात्रीचा बिल्ड पडला आणि रोज पडतच राहिला. बिल्ड पडल्याची मेल एकाच पत्त्यावर जायची, आणि ती व्यक्ती प्रकल्पातून केव्हाच बाहेर पडलेली. साइट ११ दिवस गोठलेली होती. कळलं कधी, तर एका नव्या वापरकर्त्याने विचारलं की मर्ज होऊन आठवडा झालेलं फंक्शन डॉक्समध्ये कुठेच का नाही.

तर प्रत्येक मर्जला बिल्ड करावा, रात्रीचाच ठेवावा, की पुन्हा रिलीजपुरता करावा? तुमच्या प्रकल्पांत काय करता, आणि का, ते सविस्तर सांगा.

रनरवाला

माझ्या मते प्रश्नातच एक गाठ आहे, ती आधी सोडवू. ‘बिल्ड’ या एका शब्दात तुम्ही तीन कामं बांधली आहेत. बदलाने डॉक्स मोडत नाहीत ना हे तपासणं, हे एक. चालू ब्रँचची (विकास सुरू असलेल्या शाखेची) पानं साइटवर चढवणं, हे दुसरं. आणि रिलीजची पानं पक्की करून ठेवणं, हे तिसरं. या तिघांचे गिऱ्हाईक वेगळे. तपासणी हवी असते बदल करणाऱ्याला, आणि त्याचं लक्ष अजून त्या कामात आहे तोवरच. चालू पानं बघतात ती मेंटेनर मंडळी आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहणारे. रिलीजची पानं वाचतात बाकी सगळे, म्हणजे बहुतेक सगळे वाचक.

तुमच्या दोन्ही गोष्टी या नजरेने पाहा. ११ दिवसांची गोष्ट तपासणीची आहे. तो तक्ता मर्ज व्हायलाच नको होता. इन्स्टॉलेशनच्या पानाची गोष्ट चढवण्याची आहे. एकाच क्रॉनने दोन्ही सुटतील ही अपेक्षाच चुकीची होती. तिन्ही कामांना आपापली वारंवारता द्या, मग वादाचा बराचसा भाग उरणार नाही.

रात्रपाळी

रात्रीच्या बिल्डची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो.

पायथनची डॉक्स साइट कितीतरी वर्षं दिवसातून एकदाच बिल्ड व्हायची. इतक्या मोठ्या वाचकवर्गाचं त्याने काही अडलं नाही. रात्रीच्या बिल्डचे गुण साधे आहेत: एक वेळ, एक लॉग, एकामागे एक काम, आणि रोज कोऱ्या पाटीवरून सुरुवात. ११ दिवस साइट गोठली त्यात दोष मेलच्या पत्त्याचा आहे, रात्रीचा नाही. प्रत्येक मर्जला बिल्ड ठेवून मेल त्याच मेलेल्या पत्त्यावर गेली असती, तर साइट ११ दिवसच गोठली असती.

आता हिशेब करा. दिवसाला २० मर्ज धरले तर ४० मिनिटांप्रमाणे ८०० मिनिटं, म्हणजे १३ तासांहून जास्त रनर (बिल्ड चालवणारं मशीन) फक्त डॉक्ससाठी अडकला. बहुतेक मुक्तस्रोत प्रकल्पांना एका वेळी मोजकेच रनर मिळतात. मग कोडच्या खऱ्या चाचण्या रांगेत उभ्या राहतात, आणि एका स्वल्पविरामाच्या दुरुस्तीपायी दुसऱ्याचा महत्त्वाचा बग-फिक्स अर्धा तास खोळंबतो. मला ते पटत नाही.

पानोपानी

रात्रपाळी, मेलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पत्ता त्याच दिवशी बदलला, आता निरोप सगळ्या मेंटेनरांना जातो.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडते. रात्री बिल्ड पडला की संशयित दिवसभरातले २० मर्ज. लॉगवरून कळलं तर उत्तम. ब्रीद किंवा गॅलरीच्या भानगडीत बऱ्याचदा कळत नाही, मग बायसेक्ट करावं लागतं, म्हणजे मर्जची यादी निम्मी-निम्मी करत दोषी शोधावा लागतो. २० मधून एक शोधायला चार-पाच बिल्ड, प्रत्येकी ४० मिनिटं, म्हणजे तीन तास. ते तीन तास माझे जातात, ज्याने तक्ता बिघडवला त्याचे नाहीत. त्यालाच जर पुल रिक्वेस्टवर सात मिनिटांत लाल खूण दिसली असती, तर त्याने दोन स्पेस सरकवून विषय संपवला असता. मशीनचा वेळ आपण मोजतो कारण तो पडद्यावर दिसतो. माणसाचे तीन तास कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाहीत.

हेक्साशेरी

गॅलरीबद्दल थोडं, कारण खरा खर्च तिथे आहे.

स्फिंक्स-गॅलरी प्रत्येक उदाहरणाच्या फाइलचा एमडी५ (मजकुराचा ठसा) ठेवते आणि फाइल बदलली असेल तरच ते पुन्हा चालवते. म्हणजे आधीच्या बिल्डची फोल्डर कॅश केली, जपून ठेवली, तर रोजच्या बिल्डमध्ये ३० मिनिटांची दोन-तीन होतील. ऐकायला छान. पण हा एमडी५ उदाहरणाच्या फाइलचा असतो, तुमच्या लायब्ररीचा नव्हे. उद्या तुम्ही लायब्ररीत एखाद्या पॅरामीटरचं मूळ मूल्य बदललंत, उदाहरणाला हात लावला नाहीत, तर गॅलरी म्हणेल की काही बदललं नाही, आणि जुनीच आकृती पानावर राहील. लाल खूण नाही, इशारा नाही. खाली मजकूर नव्या वागणुकीचा, वर चित्र जुन्या वागणुकीचं. वाचक बिचारा स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. माझ्या मते डॉक्समध्ये याहून वाईट दुसरं काही नाही, कारण पडलेला बिल्ड निदान ओरडून सांगतो.

म्हणून कॅशवाला बिल्ड दिवसा जरूर करा, पण कोरा, सगळी उदाहरणं चालवणारा बिल्ड ठरावीक अंतराने हवाच. रात्रपाळी ‘कोरी पाटी’ म्हणतात त्याचं खरं मोल हे आहे.

सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीचा मार्गही बघण्यासारखा आहे. तिथे कमिटच्या (बदलाच्या नोंदीच्या) संदेशात चौकटी कंसातली खूण टाकता येते. ‘डॉक स्किप’ म्हटलं की डॉक्स बिल्डच होत नाहीत. ‘डॉक क्विक’ म्हटलं की गॅलरीतल्या आकृत्या वगळून होतात. ‘डॉक बिल्ड’ म्हटलं की सगळी गॅलरी चालते, आणि याला फार वेळ लागतो हे त्यांच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे. म्हणजे किती खोल तपासायचं हे बदल करणाऱ्याच्याही हातात दिलं आहे.

रनरवाला

हेक्साशेरींच्या मुद्द्याला जोडून: स्फिंक्सचा स्वतःचा अर्धवट बिल्डही असाच फसवतो. वाचलेल्या फाइलींचं वातावरण तो डॉकट्रीज फोल्डरमध्ये साठवतो आणि पुढच्या वेळी बदललेल्या फाइलीच वाचतो. नवं पान अनुक्रमणिकेत घातलं की ज्या पानांना हात लागला नाही त्यांच्या बाजूपट्टीत ते पान दिसत नाही. अर्ध्या साइटवर नवा मेनू, अर्ध्यावर जुना. लेखन करताना आपल्या मशीनवर हे ठीक आहे, पण साइटवर चढवायचा बिल्ड मोठ्या ‘ई’चा पर्याय देऊन कोऱ्या वातावरणातच करावा. तुमच्याकडे गॅलरी सोडून ६-७ मिनिटंच लागतात, तेवढी बचत करायला जाऊ नका.

दुवासाखळी

रात्रीच्या क्रॉनविषयी काही व्यवहारातल्या गोष्टी, गिटहब ॲक्शन्स ही गिटहबची आपोआप कामं चालवणारी सेवा वापरणाऱ्यांसाठी.

वेळापत्रकावरचे वर्कफ्लो (ठरवून दिलेल्या कामांची मालिका) फक्त डीफॉल्ट ब्रँचवर चालतात. जुन्या रिलीज ब्रँचच्या डॉक्सचा रात्रीचा बिल्ड त्या ब्रँचमध्ये लिहून ठेवलात, तर तो कधीच चालणार नाही. वेळ मुळात यूटीसीत मोजली जाते. तासाच्या ठोक्याला गर्दी असते, तेव्हा उशीर होऊ शकतो. १२ वाजून ० मिनिटांऐवजी १२ वाजून १७ मिनिटं असं काहीतरी आडनिडं लिहा. आणि सर्वांत महत्त्वाचं: सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर वेळापत्रकावरचे वर्कफ्लो आपोआप बंद होतात. शांत, स्थिर प्रकल्पांत नेमकं हेच होतं, आणि तिथे रात्रीचा बिल्ड आहे या भरवशावर सगळे निर्धास्त असतात.

आता तपासणीबद्दल. ‘डॉक्सच्या फोल्डरमध्ये बदल असेल तरच डॉक्सची तपासणी चालवा’ अशी गाळणी लावायचा मोह होतो. मीही लावली होती. दोन अडचणी आल्या. एक, डॉकस्ट्रिंग (फंक्शनची वर्णनं) कोडच्या फाइलीत असतात, डॉक्सच्या फोल्डरमध्ये नाही. संदर्भाची निम्मी पानं त्या गाळणीतून निसटतात. दोन, ती तपासणी मर्जसाठी सक्तीची ठेवली असेल आणि मार्गाच्या गाळणीमुळे वर्कफ्लो सुरूच झाला नाही, तर तपासणी ‘प्रतीक्षेत’ अडकते आणि पुल रिक्वेस्ट मर्ज करता येत नाही. उपाय असा की वर्कफ्लो नेहमी सुरू होऊ द्यायचा आणि आतल्या जॉबवर अट घालायची. अटीमुळे वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो.

तळटीप

मी एका लिनक्स वितरणासाठी पॅकेजं बांधतो. आमच्या बाजूने सांगतो, कारण या चर्चेत आम्ही सहसा नसतो.

साइट तासाला बदलते की महिन्याला, यापेक्षा आम्हाला महत्त्वाचं हे की रिलीजच्या टॅगवरून (त्या आवृत्तीच्या पक्क्या खुणेवरून), इंटरनेट नसताना, तुमचे डॉक्स बांधता आले पाहिजेत. डेबियनच्या धोरणानुसार पॅकेज बांधताना नेटवर्क वापरायचं नसतं. रस्ट भाषेच्या डॉक्स डॉट आरएस या साइटवरही बिल्डला नेटवर्क मिळत नाही. आणि दुसऱ्या प्रकल्पांच्या पानांना दुवे देणाऱ्या तुमच्या इंटरस्फिंक्सला तर त्यांची सूची-फाइल प्रत्येक कोऱ्या बिल्डला ओढायची असते. ती मिळाली नाही की इशारा येतो, इशारा म्हणजे चूक असं तुम्ही ठरवलेलं, की बिल्ड पडला. तुमच्या रोजच्या बिल्डमध्ये हे कधी दिसत नाही, कारण तुमच्या रनरला इंटरनेट आहे. रिलीजच्या आधी एकदा तरी नेटवर्क तोडून बिल्ड करून पाहा.

दुसरं, सोर्स डेट इपॉक हा पर्यावरण-चल (बिल्डला ठरावीक तारीख देणारा) पाळा. एकाच टॅगवरून दोनदा बांधलेली पानं बाइटपर्यंत सारखी यावीत, असं आम्हाला हवं असतं. प्रत्येक पानाच्या पायथ्याशी ‘शेवटचं अद्ययावत’ म्हणून बिल्डची वेळ छापली की ते अशक्य होतं. आणि ती वेळ वाचकालाही खोटंच सांगते. पान तीन वर्षांत बदललेलं नसतं, बिल्ड मात्र कालचा असतो.

रनरवाला

तळटीप यांनी वेळेच्या छापाचा विषय काढला, तो वारंवारतेशी थेट जोडलेला आहे. बिल्ड झालेली पानं गिटच्या वेगळ्या ब्रँचमध्ये कमिट करून गिटहब पेजेसवर दाखवणारे बरेच प्रकल्प आहेत. प्रत्येक पानावर वेळ छापली की प्रत्येक बिल्डला प्रत्येक पान ‘बदलतं’. दिवसाला एक बिल्ड असताना हे खपून जातं. दिवसाला २० केलेत की रिपॉझिटरी फुगत जाते आणि नवख्या माणसाला पहिला क्लोन घ्यायला कितीतरी वेळ लागतो. आकृत्या तर त्याहून वाईट, त्यांचे फरक गिटला नीट दाबून ठेवता येत नाहीत. वारंवारता वाढवण्याआधी पानं गिटमधून बाहेर काढा, किंवा त्या ब्रँचमध्ये इतिहास न ठेवता एकच कमिट दर वेळी बळाने ढकला. पेजेसच्या साइटला १ जीबीची मर्यादा आहे, आणि ब्रँचवरून प्रकाशित करत असाल तर तासाला १० बिल्डची सौम्य मर्यादाही आहे.

आणि चढवताना फाइल-फाइल करून जुन्यावर नवं लिहू नका. त्या दोन मिनिटांत आलेल्या वाचकाला नवं पान आणि जुनी शैली-फाइल मिळते. नव्या फोल्डरमध्ये सगळं चढवायचं आणि शेवटी दुवा फिरवायचा. दिवसातून एकदा होणारी ही दोन मिनिटं कुणाच्या लक्षात येत नाहीत. दिवसातून २० वेळा झाली की नक्की येतात.

काना-मात्रा

अनुवाद गटातून लिहिते.

तुम्ही सगळे ‘जितकं ताजं तितकं चांगलं’ हे गृहीत धरून बोलत आहात. आमच्यासाठी ते खरं नाही. मूळ मजकुरातून गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या साच्याच्या फाइली तयार होतात. मूळ वाक्यात एक शब्द बदलला की आमचं भाषांतर ‘संदिग्ध’ म्हणून बाजूला पडतं आणि साइटवर त्या जागी पुन्हा इंग्रजी वाक्य दिसतं. प्रत्येक मर्जला साचे नव्याने काढले, तर सकाळी पूर्ण केलेलं पान संध्याकाळी पुन्हा अर्धवट होतं. दोनदा असं झालं की स्वयंसेवक येईनासा होतो, हे मी आमच्या गटात पाहिलं आहे. त्याला परत बोलावणं फार अवघड असतं.

आमची विनंती एवढीच आहे की साचे आठवड्यातून एकदाच काढावेत, तेही ठरलेल्या दिवशी, आणि रिलीजच्या आधी दोन आठवडे मजकूर गोठवावा. भाषांतरित पानांचा बिल्ड मात्र आमच्या फाइली आल्या की लगेच व्हावा, कारण आपलं वाक्य पानावर कसं दिसतं हे पाहिल्याशिवाय भाषांतर तपासता येत नाही.

पानोपानी

काना-मात्रा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साचे काढणं ही चौथी गोष्ट आहे आणि तिची वारंवारता मुद्दाम कमी हवी, हे पटलं.

आता चढवण्याचा प्रश्न उरतो. रात्रपाळी, तुम्ही अजून रात्रीच्या बाजूने आहात का?

रात्रपाळी

पुल रिक्वेस्टवर गॅलरीशिवायची तपासणी करायला माझा विरोध नाही. सात मिनिटं परवडतात, आणि बायसेक्टचा हिशेब मला पटला. चढवण्याबाबत मात्र मी रात्रीवर ठाम आहे. आधी रनरवाल्यांनीच म्हटलंय की बहुतेक वाचक रिलीजची पानं वाचतात. मग चालू ब्रँचची पानं दहा मिनिटांत ताजी झाली काय आणि रात्री झाली काय. उलट वाचकाला चुकून चालू ब्रँचच्या पानांवर आणून सोडलं की तो जे फंक्शन वाचतो ते त्याच्याकडे नसतंच. रस्टची मानक डॉक्स स्टेबल, बीटा आणि नाइटली अशी वेगळी राहतात, आणि रिलीज दर सहा आठवड्यांनी येते. डॉक्स डॉट आरएस क्रेटची (रस्टच्या पॅकेजची) नवी आवृत्ती प्रकाशित झाली की तिचे डॉक्स बांधतं, प्रत्येक कमिटला नाही. वाचकाच्या हातात जी आवृत्ती आहे तिची पानं बरोबर असणं, हीच खरी ताजेपणाची व्याख्या.

पानोपानी

व्याख्या आवडली आणि मान्यही आहे. पण त्या व्याख्येनेच तुमची भूमिका अडचणीत येते. इन्स्टॉलेशनची चुकीची आज्ञा रिलीजच्या पानांवरही होती! ती दुरुस्ती चालू ब्रँचमध्ये गेली, आणि रिलीजच्या पानांवर कधी गेली? पुढच्या रिलीजला, पाच आठवड्यांनी. हे तुमचा मुद्दा वाचून मी शोधून काढलं, तोपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. म्हणजे सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान आम्ही सर्वांत कमी वेळा बिल्ड करत होतो.

म्हणून माझं म्हणणं आता असं झालंय: रिलीजचं कोड गोठतं, रिलीजचे डॉक्स गोठता कामा नयेत. दुरुस्तीचा मर्ज रिलीजच्या ब्रँचवरही न्यायचा आणि तिथे लगेच बिल्ड करून चढवायचं. टॅगवरून नाही, ब्रँचवरून.

तळटीप

ब्रँचवरून साइट चालवा, हरकत नाही, पण टॅग हलवू नका. आमची पॅकेजं त्यावर उभी असतात.

हेक्साशेरी

पहिल्यांदा हातभार लावणाऱ्याचाही विचार करा. एका शब्दाची दुरुस्ती करणारा माणूस दहा वेळा पान रिफ्रेश करून बघतो. मी स्वतः पहिल्या पुल रिक्वेस्टनंतर तसंच केलं होतं, आणि ते वाक्य पानावर दिसल्यावर त्याच संध्याकाळी दुसरी पाठवली. पुल रिक्वेस्टवरच बांधलेल्या पानांची पूर्वझलक दिली, तर हे समाधान मर्जच्या आधीच मिळतं आणि परीक्षण करणाऱ्यालाही कच्च्या मजकुराऐवजी खरं पान दिसतं. रीड द डॉक्स या डॉक्स बांधून ठेवणाऱ्या सेवेवर ही सोय आहे. मात्र तिथल्या सार्वजनिक सेवेत बिल्डला १५ मिनिटांची मर्यादा आहे, तुमची पूर्ण गॅलरी त्यात बसणार नाही. गॅलरीशिवायची बसेल.

दुवासाखळी

पूर्वझलक करताना जपून. स्फिंक्सची मांडणी-फाइल म्हणजे चक्क पायथनचा प्रोग्राम आहे, आणि तुमची गॅलरी तर बाहेरून आलेलं कोड मुद्दाम चालवतेच. अनोळखी फोर्कमधल्या (दुसऱ्याने काढलेल्या प्रतीतल्या) पुल रिक्वेस्टचा बिल्ड गुप्त किल्ल्या असलेल्या वातावरणात कधीही करू नका. बिल्ड एका जॉबमध्ये, किल्लीशिवाय. चढवणं दुसऱ्या जॉबमध्ये, आणि तिथे आलेलं कोड चालवायचं नाही, तयार एचटीएमएल फक्त उचलायचं.

आणि मर्जनंतरच्या बिल्डचं एक. पाच मिनिटांत चार मर्ज झाले तर चार बिल्ड नकोत, शेवटचा पुरे. पण ‘नवा आला की चालू असलेला रद्द’ हा पर्याय निवडू नका. बिल्ड लांबडा असेल आणि मर्ज सतत येत असतील, तर एकही शेवटपर्यंत जात नाही, आणि गर्दीच्या दिवशी साइट सकाळपासून हलतच नाही. चालू असलेला पूर्ण होऊ द्यायचा, रांगेत फक्त सर्वांत नवा एक ठेवायचा. म्हणजे मर्ज कितीही होवोत, एका वेळी एकच रनर अडकतो. रात्रपाळींचे ८०० मिनिटांचे गणितही मग लागू राहत नाही.

पानोपानी

आम्ही तिघांनी काल बसून ठरवलं, ते इथे मांडते.

प्रत्येक पुल रिक्वेस्टवर गॅलरीशिवाय बिल्ड, इशारा म्हणजे चूक, आणि पूर्वझलक. स्फिंक्सची आवृत्ती इथे बांधून ठेवली आहे, नाहीतर नवी आवृत्ती आली की नवे इशारे येतात आणि निरपराध लोकांच्या पुल रिक्वेस्ट लाल होतात. चालू ब्रँच आणि रिलीज ब्रँच, दोन्हींवर मर्जनंतर लगेच बिल्ड, गॅलरी कॅशमधून, रांगेत एकच. रात्री कोरा पूर्ण बिल्ड, सगळी उदाहरणं चालवून, स्फिंक्सच्या ताज्या आवृत्तीवर. तो पडला तर साइट अडत नाही, पण आपोआप इश्यू उघडतो, म्हणजे तो कुणा एकाच्या मेलपेटीत पडून राहणार नाही. उघडा इश्यू असेल तर त्यातच नोंद होते. अनुवादाचे साचे आठवड्यातून एकदा. नेटवर्क तोडून बिल्ड रिलीजच्या आधी.

पीडीएफवर अजून एकमत नाही. पीडीएफ बनवणाऱ्या लाटेखचा बिल्ड वेळ खातो आणि मर्जगणिक कुणी पीडीएफ उतरवत नाही. तूर्त तो रिलीजलाच.

पानोपानी

तीन आठवडे झाले, कळवायला आले.

पुल रिक्वेस्टवरच्या तपासणीने आतापर्यंत नऊ चुका मर्जच्या आधी अडवल्या, बहुतेक तुटलेले संदर्भ आणि एक पुन्हा तसाच तक्ता. रात्रीच्या कोऱ्या बिल्डने एकच पकडली. एका मर्जमध्ये सोल्व्हरची मूळ सहनमर्यादा बदलली होती. उदाहरणाची फाइल तीच, कॅशमधली आकृती तीच. कोऱ्या बिल्डमध्ये उदाहरण थांबेचना, वेळमर्यादेवर पडलं. म्हणजे त्या पानावरचं कोड जो कुणी उतरवून चालवेल त्याच्याकडेही ते थांबणार नव्हतं. हेक्साशेरी म्हणाले होते ते अक्षरशः समोर आलं. डॉक्सच्या बिल्डने कोडमधली चूक शोधून दिली, आणि सोल्व्हर लिहिणाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं की रात्रीचा बिल्ड काढू नका.

एक अडचण नवी आहे. बाहेरच्या दुव्यांची तपासणी मी रात्रीच्या बिल्डला जोडली होती. ती जवळजवळ रोज पडते, दर वेळी वेगळ्या साइटमुळे, बऱ्याचदा ४२९ (फार विनंत्या झाल्या) उत्तर येतं.

रात्रपाळी

ती रात्रीच्या बिल्डमधून आजच काढा. रोज लाल दिसणारा बिल्ड लोक बघायचं सोडतात, मग खरी चूक आली तरी कुणी उघडून पाहत नाही. दुव्यांची तपासणी आठवड्यातून एकदा, वेगळ्या वर्कफ्लोत. लागोपाठ दोन आठवडे जो दुवा तुटलेला दिसेल त्याचाच इश्यू उघडा. माझ्याकडे हे करणारी छोटी स्क्रिप्ट आहे. शनिवारी थोडी साफ करून तुमच्या रिपॉझिटरीत पुल रिक्वेस्ट म्हणून पाठवतो. पूर्वझलकही बघून घेईन.